आप्पांचा टीबी टीबी नव्हता. अँका व्हॅस्क्युलायटिसमध्ये स्टिरॉइड किती आणि किती दिवस?

रंकाळ्याची लेक, कोल्हापूर

नमस्कार मंडळी. मोठं लिहितेय, पण कृपया शेवटपर्यंत वाचा. अँका व्हॅस्क्युलायटिस म्हणजे शरीराच्याच अँटिबॉडीजमुळं बारीक रक्तवाहिन्या सुजतात तो आजार.

माझे वडील, आम्ही आप्पा म्हणतो, वय 61. शिरोलीच्या एका फाउंड्रीत 32 वर्षं मोल्डिंगला होते. वाळू कालवायची, साचे ठोकायचे, ओतकाम झालं की साचे फोडायचे आणि तीच वाळू परत चाळायची. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. यंदा गणपतीत ताप आणि खोकला सुरू झाला. "वाळूत जन्म गेला, खोकला यायचाच," म्हणून त्यांनी पंधरा दिवस अंगावर काढले. 72 किलोचा माणूस बघता बघता 61 वर आला. एक्स-रेत डाग दिसले. बेडका दोनदा तपासला, काही नाही. जीनएक्स्पर्ट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) केली, त्यातही काही नाही. तरी फाउंड्रीचा माणूस आहे, वजन उतरतंय, म्हणून टीबी धरून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू झाली.

पाडव्याला आप्पा देवळाला निघाले आणि उजव्या पायातली चप्पल पायरीवरच राहिली. त्यांना कळलंही नाही. मी हाक मारली, त्यांनी परत घातली, दोन पावलांवर पुन्हा निसटली. पंजा वर उचलतच नव्हता, फरशीवर चट चट आपटत होता. आम्हाला अशक्तपणा वाटला. पुढच्या आठवड्यात लघवी काळ्या चहासारखी झाली. एकेटीच्या गोळीनं लघवी लाल होते असं सांगितलं होतं, त्यामुळं तेही आम्ही सोडून दिलं. पायावर सूज आली तेव्हा रक्त तपासलं, क्रिएटिनिन (किडनी बिघडली की वाढतं ते) 4.4.

त्या रात्री मी कॅरीबॅगमधले सगळे जुने कागद अंथरुणावर मांडले. गणपतीतल्या पहिल्याच लघवीच्या रिपोर्टवर लिहिलं होतं, आल्ब्युमिन (प्रथिन) दोन प्लस, तांबड्या पेशी 15 ते 20, म्हणजे किडनी दुखावल्याची खूण. तेव्हा क्रिएटिनिन 1.3 होतं. तो कागद तीन ठिकाणी दाखवला होता. प्रत्येकानं छातीचा फोटो उजेडात धरून बघितला, हा कागद कुणीच वाचला नाही. मीही नाही.

आता दुसऱ्या दवाखान्यात आहोत. अँका तपासणीत एमपीओ (या अँटिबॉडीजचा एक प्रकार) जोरात पॉझिटिव्ह. किडनीच्या बायोप्सीत क्रेसेंट, म्हणजे किडनीतल्या बारीक गाळण्यांना जोराची इजा. स्टिरॉइडची तीन दिवस मोठी सलाईन झाली, आता दोन आठवडे प्रेडनिसोलोन 60 मिलिग्रॅम चालू आहे. साखर 340 गेली, कधी नव्हती. वजन 58. दुर्बिणीतून फुफ्फुसातलं पाणी काढून टीबी कल्चरला पाठवलंय, ते येईपर्यंत एकेटी सुरूच आहे. डॉक्टर म्हणतात सायक्लोफॉस्फमाइड किंवा रिटक्सिमॅब (दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं), दोन दिवसांत ठरवू. मुंबईचे काका म्हणतात प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदला. धाकटे मामा म्हणतात स्टिरॉइड बंद करा, त्यानंच माणूस मरतो. आई माझ्या तोंडाकडं बघते.

यात कुणाचं ऐकू? आणि एवढं स्टिरॉइड खरंच लागतं का?

इचलकरंजीकर

ताई, मला हाच आजार, पण पीआर3 या दुसऱ्या अँटिबॉडीवाला. सात वर्षं झाली. माझं नाकापासून सुरू झालं, रोज सकाळी रक्ताच्या खपल्या. सहा महिने सायनस म्हणूनच औषध घेतलं.

औषधांचं डॉक्टर लोक सांगतील. मी घरचं सांगते. पहिल्या वर्षात मला आजारानं कमी आणि संसर्गानं जास्त लोळवलं. तिसऱ्या महिन्यात नागीण, पाचव्यात न्यूमोनिया. न्यूमोनियात ताप 99 च्या वर गेलाच नाही, स्टिरॉइड तो दाबून टाकतं. म्हणून आप्पांचा ताप नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. दम लागला, मलूल झाले की लगेच डॉक्टरांना फोन. भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा, राग आला तर येऊ दे.

दुसरं, एकच पोटरी सुजली, दुखली तर त्याच दिवशी सांगा. मला रक्ताची गुठळी झाली होती. आजार जोरात असताना ती जास्त होते हे मला नंतर कळलं.

एक वही घाला. रोज वजन, बीपी, साखर, लघवीचा रंग. माझी चौथी वही चालू आहे.

नेफ्रो, मिरज

ताई, तुमचे डॉक्टर समोर आहेत, अंतिम शब्द त्यांचाच. पण त्यांच्यापुढं बसताना काय विचारायचं हे तुम्हाला कळावं म्हणून सविस्तर लिहितो. मी किडनीचा डॉक्टर, हे रुग्ण रोज बघतो, आणि टीबीची औषधं घेत उशिरा पोचलेला प्रत्येक रुग्ण मला खुपतो.

मामांपासून सुरुवात करतो, कारण ते सर्वांत धोक्याचं बोलत आहेत. स्टिरॉइड एकाएकी बंद करायचं नाही, म्हणजे नाही. या आजाराचा सख्खा भाऊ, ज्याला पूर्वी वेगनर म्हणायचे, त्याच्या 1958 सालच्या नोंदींत उपचाराशिवाय सरासरी आयुष्य पाच महिने होतं. पुढं स्टिरॉइडच्या जोडीला सायक्लोफॉस्फमाइड आलं आणि बहुतेक रुग्ण जगायला लागले. पण मामांच्या बोलण्यात एक खरा धागा आहे. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात मृत्यूचं मोठं कारण संसर्ग असतं. म्हणून गेल्या पंधरा वर्षांतल्या संशोधनाचा मोठा भाग 'कमी देऊन भागेल का' याच प्रश्नाभोवती फिरतोय.

तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात थेट उत्तर पेक्सिव्हास नावाच्या चाचणीत आहे. 2020 मध्ये छापून आली, 704 रुग्ण, किडनी किंवा फुफ्फुसाचा आजार तीव्र असलेले, म्हणजे आप्पांसारखेच. एका गटाला नेहमीचं स्टिरॉइड, दुसऱ्याला कमी. आप्पांच्या वजनाला दोन्हीकडं पहिला आठवडा 60 मिलिग्रॅमच. पण कमीच्या गटात दुसऱ्या आठवड्यालाच ते 30 वर आणलं. सहा महिन्यांत एकूण स्टिरॉइड नेहमीच्या साठ टक्क्यांहून कमी भरलं. मृत्यू किंवा कायमची किडनी निकामी होणं कमीवाल्यांत 27.9 टक्के, नेहमीच्यांत 25.5, संशोधकांनी आधी ठरवलेल्या मर्यादेत हे बरोबरीचं ठरलं. पहिल्या वर्षातले गंभीर संसर्ग मात्र कमीवाल्यांत सुमारे 30 टक्क्यांनी घटले.

मग आप्पांचं लगेच 30 करा का? थांबा. तुम्ही सहज लिहून गेलात ती गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. एकेटी सुरू आहे. त्यातलं रिफाम्पिसिन यकृताला प्रेडनिसोलोन भराभर मोडायला लावतं, रक्तातलं प्रमाण निम्म्याखाली जाऊ शकतं. कागदावर 60 आणि शरीरात त्याच्या निम्मंही नाही, असं होतं. उलट एकेटी थांबवली की हा परिणाम दोनेक आठवड्यांत ओसरतो आणि तेच 60 अचानक जड होतं. म्हणून छातीचे डॉक्टर आणि किडनीचे डॉक्टर यांचं एकमेकांशी बोलणं होऊ द्या. 'रिफाम्पिसिन धरून डोस ठरवलाय ना?' एवढं एक वाक्य विचारा.

काकांचं प्लाझ्मा बदलणं. त्याच पेक्सिव्हासमध्ये निम्म्या रुग्णांचा प्लाझ्मा बदलला होता. मृत्यू किंवा किडनी निकामी, त्यांच्यात 28.4 टक्के, न बदललेल्यांत 31.0. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. पुढं 2022 मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा असं दिसलं की मृत्यू टळत नाहीत, पण पहिल्या वर्षात डायलिसिसवर जाण्याची शक्यता कमी होते, आणि त्याच्या बदल्यात गंभीर संसर्ग वाढतात. क्रिएटिनिन जितकं जास्त तितका फायदा जास्त. 4.4 म्हणजे विचार करण्याजोगं, हट्ट धरण्याजोगं नाही. खोकल्यातून रक्त येतंय का आणि बायोप्सीत किती गाळण्या वाचल्यात, यावर ठरेल.

रिटक्सिमॅब की सायक्लोफॉस्फमाइड. 2010 च्या रेव्ह चाचणीत 197 रुग्णांत सहा महिन्यांनी आजार शांत आणि स्टिरॉइड बंद, असे रिटक्सिमॅबवर 64 टक्के, सायक्लोफॉस्फमाइडवर 53 टक्के. ऐकायला रिटक्सिमॅब पुढं वाटतं. पण क्रिएटिनिन 4 च्या वर असलेले त्यात घेतलेच नव्हते, त्यामुळं तो आकडा आप्पांना सरळ लावता येत नाही. त्याच वर्षीच्या रिटक्सव्हास चाचणीत किडनी खूप बिघडलेले 44 रुग्ण होते. तिथं रिटक्सिमॅबसोबत सायक्लोफॉस्फमाइडचे दोन-तीन डोसही दिले होते, आणि निकाल बरोबरीचे आले. दोन्ही गटांत वर्षाच्या आत 18 टक्के रुग्ण दगावले. हे लपवून उपयोग नाही, आजार तेवढा गंभीर आहे.

तेव्हा डॉक्टरांनी सायक्लोफॉस्फमाइड निवडलं तर जुनाट औषध दिलं असं मनात आणू नका. सलाईनमधून मोजके डोस दिले तर रोजच्या गोळीपेक्षा एकूण औषध बरंच कमी जातं. डोसच्या दिवशी पाणी किती प्यायचं ते विचारून घ्या, कारण सूज आणि कमी लघवी असताना मनानं तांब्याभर पाणी पाजणंही चुकीचं. मूत्राशय जपायला मेस्ना देतात, तेही विचारा. रिटक्सिमॅब ठरलं तर आधी हिपॅटायटिस बी तपासणी हवीच, दबलेला विषाणू उठतो. काहीही ठरलं तरी न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळायला को-ट्रायमॉक्साझोल लागेल, पण किडनी आणि पोटॅशियम बघून बेतानं.

अ‍ॅव्हाकोपॅन हे नाव नेटवर दिसेल. 2021 च्या चाचणीत चांगलं चाललं, स्टिरॉइड वाचवतं. पण रिफाम्पिसिन चालू असताना ते देऊ नये, आणि इतकी खालावलेली किडनी त्या चाचणीत नव्हती. आत्ता त्यामागं धावू नका.

पायाचं राहिलं. पंजा पडला तो नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या सुजल्यामुळं. छाती, किडनी आणि नस, तिन्ही एकाच आजाराची. फिजिओथेरपी आणि पायाची पट्टी आजच सुरू करा, बिछान्यात पाय पडून राहिला की टाच आखडते. नस सुधारायला महिने लागतात.

भट्टीवाला

ताई, मी उद्यमनगरात फाउंड्रीच्या कोअर शॉपला. डॉक्टरसाहेब, हे वाळूमुळं होतं का? आमच्यात सिलिकोसिस (वाळूच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार) माहीत आहे. किडनीचं कधी ऐकलं नव्हतं.

नेफ्रो, मिरज

दादा, एका माणसाकडं बोट दाखवून 'वाळूमुळंच' असं सांगता येत नाही. पण संबंध आहे, आणि तो बऱ्याच अभ्यासांत सापडलाय. ते एकत्र केले तर सिलिकाची धूळ खाल्लेल्यांत या आजाराची शक्यता सुमारे अडीच पट भरते. 1995 च्या कोबे भूकंपानंतर, पडलेल्या इमारतींची धूळ उडालेल्या भागात एमपीओ अँकाचे रुग्ण वाढल्याचं जपानी डॉक्टरांनी नोंदवलंय. बारीक सिलिका फुफ्फुसातल्या पेशी चिडवते, त्यातून पांढऱ्या पेशींवरच उलटणाऱ्या अँटिबॉडीज तयार होत असाव्यात, असा कयास आहे.

शंभरातल्या बहुतेकांना हे कधीच होणार नाही. पण कोल्हापुरात फाउंड्रीच्या माणसाला डाग दिसले, बेडका साफ निघाला, तर टीबी आणि सिलिकोसिसच्या जोडीला हे तिसरं नावही डोक्यात यायला हवं. आणि त्यासाठी आधी साधी लघवी तपासणी पुरते. ताईंच्या कॅरीबॅगेत ती होतीच.

चाळताना वाळू ओली ठेवा. तोंडाला बांधलेल्या रुमालानं बारीक धूळ अडत नाही.

इचलकरंजीकर

ताई, खर्चाचं कुणी बोललं नाही म्हणून. इस्पितळ महात्मा फुले योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला औषध ठरायच्या आधी भेटा, नंतर नाही. आणि रिटक्सिमॅब भारतीय कंपन्यांचं मिळतं. मला तेच दिलं, तेच लागू पडलं.

रंकाळ्याची लेक, कोल्हापूर

तीन आठवड्यांनी लिहितेय. उशीर झाला, माफ करा.

रिफाम्पिसिनचं वाक्य मी जसंच्या तसं विचारलं. किडनीच्या डॉक्टरांनी तिथंच छातीच्या डॉक्टरांना फोन लावला. कल्चर निगेटिव्ह आलं, एकेटी थांबली, आणि तेव्हापासून स्टिरॉइड टप्प्याटप्प्यानं उतरवत 30 वर आणलंय. साखर आता इन्सुलिनवर 180 च्या आसपास. सायक्लोफॉस्फमाइडचे दोन डोस झाले. प्लाझ्मा बदलला नाही, खोकल्यात रक्त नव्हतं आणि बायोप्सीत निम्म्याहून जास्त गाळण्या धड होत्या. क्रिएटिनिन 4.4 वरून 3.1. डायलिसिस लागलं नाही. लघवीत तांबड्या पेशी अजून आहेत. पंजा तसाच आहे, पट्टी बांधून स्वयंपाकघरापर्यंत येतात. मामांना नेफ्रोंचं उत्तर वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी वही आणून दिली. तांबड्या रश्श्याचं नाव निघालं की आई मिठाचा डबा उचलून वर ठेवते.

दादांचा प्रश्न मी आप्पांना सांगितला. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांच्या लाईनवरच्या चार जणांची नावं सांगितली. मी फोन केले. चौघांनी लघवी तपासली. तिघांची साफ आहे. चौथ्या काकांच्या रिपोर्टवर तांबड्या पेशी 8 ते 10 लिहिल्यात, आल्ब्युमिन एक प्लस, खोकला वर्षभराचा. डॉक्टर म्हणाले पुन्हा तपासू, क्रिएटिनिनही करू, सोमवारी घेऊन या. त्यांना मी घेऊन जाणार आहे.