लिमिटेडला दरवेळी ‘मर्यादित’च लिहायचं का?

हिंगण्याचा कूलरवाला

नमस्कार मंडळी. मी हिंगणा एमआयडीसीत एका छोट्या कूलर कंपनीत ऑफिसचं काम पाहतो. यंदा मालक म्हणाले की वॉरंटी कार्ड मराठीतही छापायचं, कारण आपला बराच माल काटोल, उमरेड, रामटेककडच्या दुकानांत जातो आणि तिथले लोक इंग्रजी कार्ड वाचत नाहीत, नुसतं जपून ठेवतात. काम माझ्याकडं आलं. आता कार्डावर लिमिटेड हा शब्द पाच ठिकाणी आहे. लिमिटेड वॉरंटी, लिमिटेड पिरियड ऑफर, लिमिटेड स्टॉक, आमची लायबिलिटी रिपेअरपुरती लिमिटेड, आणि खाली कंपनीचं नाव प्रायव्हेट लिमिटेड. मी डिक्शनरी पाहून पाचही जागी ‘मर्यादित’ टाकलं. प्रूफ घेऊन एका दुकानदाराकडं गेलो तर तिथं बसलेले एक शेतकरी काका वाचून म्हणाले, “मर्यादित वॉरंटी म्हणजे थोडेच दिवस चालते न?” प्रत्यक्षात मोटरची वॉरंटी पूर्ण दोन वर्षं आहे! म्हणजे मी मराठीत लिहूनही त्यांना कळलं नाही, उलट चुकीचं कळलं. तेव्हापासून मनात खटकून राहिलं आहे.

दुसरं म्हणजे माझ्या लहान बहिणीनं नोकरीच्या अर्जात लिहिलं, ‘आय हॅव लिमिटेड एक्सपिरियन्स इन टॅली’. तिला म्हणायचं होतं की तिनं फक्त टॅलीवर काम केलं आहे, हिशेबाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर नाही. चार वर्षं केलंय तिनं ते काम. मुलाखतीत तिला विचारलं, टॅली फारसं येत नाही तर अर्ज कशाला केला? घरी येऊन रडली बिचारी.

तर या एका शब्दाचे नक्की अर्थ किती, आणि कुठं काय लिहायचं, कोणी नीट सांगेल का?

धरमपेठकर

भाऊ सोपं आहे, अर्थ पाहून शब्द बदला. स्टॉक लिमिटेड म्हणजे ‘माल थोडाच आहे’, ऑफर लिमिटेड म्हणजे ‘ठरावीक दिवसांपुरती’. मर्यादित हा शब्द वाईट नाही, पण तो पाटीवर शोभतो, बोलण्यात नाही. घरी कोणी म्हणतं का, पोळ्या मर्यादित आहेत? मोजक्या आहेत म्हणतो आपण.

निवृत्त इंग्रजी शिक्षक, महाल

कूलरवाले, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. तीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं आणि या शब्दावर दरवर्षी मुलं अडायची, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर माफ करा.

शब्दाचं मूळ लॅटिन ‘लिमेस’. त्याचा अर्थ हद्द, त्यातही दोन शेतांच्या मधली हद्द. म्हणजे आपल्या विदर्भातला धुरा, शेताचा बांध! हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. धुरा टाकला म्हणजे शेत लहान झालं असं होत नाही, पन्नास एकराच्या शेतालाही धुरा असतो आणि दोन एकरालाही. लिमिटेडचा पहिला अर्थ एवढाच, की हद्द आखलेली आहे. किती मोठी ते त्यात सांगितलेलंच नाही. पण बोलता बोलता त्याला दुसरा अर्थ चिकटला, ‘हद्द आहे आणि ती जवळच आहे’, म्हणजे थोडं, तोकडं, अपुरं. तुमच्या शेतकरी काकांनी दुसरा अर्थ घेतला, तुम्ही पहिला लिहिला होता.

आता कुठं कोणता अर्थ हे ओळखायचं कसं? मी मुलांना एक युक्ती सांगायचो. लिमिटेडच्या आधी ‘व्हेरी’ लावून पाहा. व्हेरी लिमिटेड नॉलेज, चालतं. व्हेरी लिमिटेड स्टॉक, चालतं. म्हणजे तिथं ‘थोडं’ हा अर्थ. पण व्हेरी लिमिटेड कंपनी? कोणी म्हणत नाही. व्हेरी लिमिटेड ओव्हर्सची मॅच? जामठ्याच्या मैदानावर वनडे असेल तर एका बाजूला ५० षटकं म्हणजे ३०० चेंडू, टी-ट्वेंटी असेल तर १२०, पण दोन्ही सारख्याच लिमिटेड ओव्हर्स. तिथं तो शब्द कमी-जास्त सांगत नाही, प्रकार सांगतो. वनडेला आपले पेपर ‘मर्यादित षटकांचा सामना’ लिहितात ते म्हणूनच बरोबर आहे.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत कामाची. लिमिटेडच्या नंतर ‘टू’ आलं की मराठीत शब्द शोधत बसू नका, आपल्याकडं ‘पुरता’ तयार आहे. ऑफर नागपूरपुरती. जबाबदारी दुरुस्तीपुरती. इतकं नेमकं इंग्रजीलाही एका अक्षरसमूहात सांगता येत नाही.

बहिणीचं वाक्य नेमकं इथंच घसरलं. लिमिटेड एक्सपिरियन्स इन टॅली म्हणजे टॅलीचा अनुभव तोकडा. एक्सपिरियन्स लिमिटेड टू टॅली म्हणजे अनुभव टॅलीपुरता. एक ‘टू’ नसल्यानं चार वर्षांचं काम पुसलं गेलं. पण मी तर म्हणतो अर्जात दुसरंही लिहू नये, कारण माणसाबद्दल किंवा त्याच्या कामाबद्दल लिमिटेड आलं की वाचणाऱ्याला उणेपणाच दिसतो. इंग्रजीत एखाद्याला ‘लिमिटेड’ म्हणणं म्हणजे त्याची कुवत कमी म्हणणं. तिला सरळ लिहू द्या, ‘आय हॅव फोर इयर्स ऑफ एक्सपिरियन्स, ऑल ऑफ इट ऑन टॅली’.

सीए ताई

मास्तरांचं धुऱ्याचं उदाहरण मी उद्यापासून क्लायंटना देणार. कंपनीच्या नावातल्या लिमिटेडबद्दल मला सांगायलाच हवं कारण रोज कोणी न कोणी ऑफिसात येऊन म्हणतं, मॅडम आम्हाला लिमिटेड व्हायचंय, जणू काही ते प्रमोशन आहे. आणि उलटंही ऐकते, लिमिटेड म्हणजे छोटी कंपनी. दोन्ही चूक. कंपनी लिमिटेड नसतेच हो, भागधारकांची जबाबदारी लिमिटेड असते!

समजा तुम्ही १० रुपयांचा शेअर घेतला आणि त्यातले ६ भरले. कंपनी बुडाली तर तुमच्याकडून फार तर उरलेले ४ मागता येतात, बस. तुमचं घर, शेत, बायकोचं मंगळसूत्र धुऱ्याच्या पलीकडं. उधार देणाऱ्यानं हे आधीच ओळखावं म्हणून तो शब्द नावातच लावायला लागतो. २०१३ च्या कंपनी कायद्यात पब्लिक कंपनीच्या नावाशेवटी लिमिटेड आणि प्रायव्हेटच्या शेवटी प्रायव्हेट लिमिटेड लावायला सांगितलं आहे, धर्मादाय कामाच्या काही कंपन्यांना त्यातून सूट आहे. प्रायव्हेटमध्ये २०० पेक्षा जास्त सभासद चालत नाहीत, पण ती हद्द वेगळी, लिमिटेड शब्दाचा तिच्याशी संबंध नाही. लोक तिथंच गोंधळतात.

आपल्या नागपूरचंच घ्या. एम्प्रेस मिल ज्या कंपनीची, ती जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये काढली, सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी लिमिटेड, आणि मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला. इंग्लंडात ही मर्यादित जबाबदारीची सोय १८५५ मध्ये आली आणि आपल्याकडं १८५७ च्या कायद्यानं, म्हणजे तेव्हा तो शब्द नवाच होता. मिलसारख्या मोठ्या कामात अनोळखी माणसानं पैसे घालायचे तर बुडाले तरी घातले तेवढेच बुडतील ही खात्री लागते, ती या एका शब्दात आहे.

एक मात्र जीव तोडून सांगते. बँक कर्ज देताना डायरेक्टरकडून पर्सनल गॅरंटीवर सही घेते. ती सही केली की त्या कर्जापुरता धुरा मोडला, मग पाटीवर लिमिटेड असलं तरी घरापर्यंत येतात. सही करण्याआधी वाचा हो, कृपा करून वाचा.

अकोटचा, सध्या मानेवाड्यात

ताईचं वाचून मले गावच्या सोसायटीची पाटी आठवली. ‘सेवा सहकारी संस्था मर्यादित’, कुठं कुठं नुसतं ‘मर्या.’ लिहून असते. लहानपणी मले वाटे का इथं कर्ज मर्यादित भेटते म्हणून लिवलं असन. आबाजीले विचारलं तं ते म्हने, बाप्पा आधीच्या काळात एकाचं कर्ज बुडालं तं साऱ्या सभासदाच्या मानगुटीवर बसे. हे खरं आहे का ताई का आबाजी असंच सांगत होते?

सीए ताई

दादा, आबाजी बरोबर सांगत होते. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यात गावातल्या संस्थांची जबाबदारी अमर्यादितच ठेवलेली होती, सगळे सभासद एकमेकांच्या कर्जाला बांधलेले. त्यामुळं पाटीवर ‘मर्यादित’ आलं तेव्हा त्या शब्दानं किती लोक रात्री शांत झोपले असतील. या जागी ‘मर्यादित’ला दुसरा शब्द शोधूच नका, तो तिथं शंभर टक्के चपखल आहे.

बर्डीवाला

मी मुंबईत चार वर्षं होतो, तिथं बेस्टची लिमिटेड बस म्हणजे मोजक्याच स्टॉपवर थांबणारी. आधी वाटलं की सीट कमी असतील. अमेरिकेत रेल्वेगाड्यांनाही असंच म्हणायचे, न्यूयॉर्क ते शिकागो ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड १९०२ ते १९६७ धावली. म्हणजे तिथं हद्द थांब्यांना आहे, गाडी उलट वेगात जाते.

पण एक शंका. आमच्या ऑफिसात सर्व्हर रूमवर ‘रिस्ट्रिक्टेड’ लिहिलंय, कोणी म्हणे लिमिटेड लिहिलं तरी तेच. तेच का?

निवृत्त इंग्रजी शिक्षक, महाल

तेच नाही. रिस्ट्रिक्टेडमध्ये आवळणं आहे, कोणीतरी मुद्दाम बंधन घातलं आहे आणि मोडलं तर जाब विचारेल. त्याला ‘प्रतिबंधित’ किंवा सरळ ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’. पाऊस कमी पडला तर पाणी लिमिटेड असतं, कोणी बंदी घातलेली नसते. आणि कोर्टातली ‘लिमिटेशन’ याच धुऱ्यातली, पण ती काळाची हद्द, म्हणून १९६३ च्या कायद्याला आपण ‘मुदत कायदा’ म्हणतो, मर्यादा कायदा लिहिलं असतं तर पक्षकाराला काय कळलं असतं? कूलरवाले, तुमच्या कार्डालाही हीच नजर लावा. हद्द कशाची आहे ते आधी विचारा, दिवसांची, मालाची, पैशाची का सुट्या भागांची.

हिंगण्याचा कूलरवाला

सर, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून कार्ड पुन्हा लिहिलं. ‘मर्यादित वॉरंटी’ काढूनच टाकलं कारण आमची हद्द नुसती दिवसांची नाही, भागांचीही आहे. त्याऐवजी लिहिलं, ‘मोटर आणि पंपाची वॉरंटी २ वर्षं. खसच्या ताट्या, बॉडीचा गंज आणि पाण्याच्या क्षारानं झालेलं नुकसान यात धरलेलं नाही.’ लायबिलिटीला ‘आमची जबाबदारी हे भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्यापुरती आहे.’ ऑफरला ‘३१ मेपर्यंत’, स्टॉकला ‘माल असेपर्यंत’. आणि नावात प्रायव्हेट लिमिटेड तसंच ठेवलं. मालकांनी विचारलं इतकं लांब काऊन केलं, तर त्यांना ते काका काय म्हणाले ते सांगितलं. त्यांनी तसंच छापायला पाठवलं.

बहिणीनं अर्ज बदलून दोन जागी पाठवलाय. सर, तुमचं वाक्य जसंच्या तसं घेतलं, चालेल न?

निवृत्त इंग्रजी शिक्षक, महाल

चालेल काय, घ्याच. आणि तिला म्हणावं मुलाखतीत टॅलीवर कोणकोणती कामं केली ती सांग, जीएसटीचे रिटर्न, पगारपत्रक, जे काही केलं असेल ते.