तो एफ नव्हे, लांब एस

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या पेटीत निघालेल्या १८३८च्या मुंबईच्या खरेदीखतात तुम्ही एम-ई-एफ-एस-यू-ए-जी-ई असं वाचलंत, म्हणून कोशात काही सापडेना. तिसरं अक्षर लांब एस आहे, म्हणजे एफसारखं दिसणारं एसचं जुनं रूप. छापील मजकुरातून तो १८००च्या सुमारास गेला, पण हातच्या लिखाणात, विशेषतः जोड-एसमधला (लागोपाठच्या दोन एसमधला) पहिला, बरीच वर्षं टिकून होता. तेव्हा दोन एस घालून, एम-ई-एस-एस-यू-ए-जी-ई असं शोधा.

ताळा असा करा: त्याच पानावर जोड-एसचा 'पझेशन' आणि एफचे 'ऑफ', 'फॉर' हे शब्द काढा आणि शेपटी कुठे वळते ते बघा. एफची बहुधा उजवीकडे, लांब एसची डावीकडे.

उच्चार 'मेस्विज'. अर्थ राहतं घर, लगतच्या पडव्या-गोठे आणि आवार, सगळं मिळून. नुसतं 'घर' लिहिलंत तर आवार गळेल. 'आवारासह घर' बरं. पुढे 'टेनमेंट' आलं तर वडोदऱ्यात टेनमेंट म्हणतात तशी स्वतंत्र बंगली समजू नका, खतात तो शब्द कुठल्याही धारण केलेल्या मिळकतीला लागतो.

गंमत म्हणजे हा शब्दच चुकीच्या वाचनातून आला असावा: जुन्या फ्रेंचमधल्या 'मेस्नाज'मधला एन कोणा कारकुनाने यू वाचला!