सोयाबीनचे पैसे आले, वाहून गेलेल्या मातीचं काय?

सीनाकाठ: नमस्कार मंडळी. धाराशिव जिल्ह्यात सीना नदीला लागून आमचं चार एकर रान, सातबारा आईच्या नावावर. सप्टेंबर 2025 च्या पुरात तीन एकर सोयाबीन पाण्याखाली सडलं. नदीकडचा चौथा एकर तर रानच राहिला नाही. काळी माती गेली, खाली मुरूम उघडा पडलाय. पाईपलाईन हवेत लोंबकळतेय.

आईच्या खात्यात 10,200 रुपये जमा झाले. 7 ऑक्टोबरला मुख्यमंत्र्यांनी कोरडवाहूला हेक्टरी 18,500 जाहीर केले होते, मग एवढेच कसे? पंचनाम्याला माणसं आली तेव्हा नदीकडच्या वाटेवर पाणी होतं, त्यांनी बांधावरूनच तीन एकर लिहून नेले. त्या एकराची नोंदच नाही. आता होईल का? आई रोज त्या कडेला जाऊन येते. तिला काय सांगू?

निवृत्त तलाठी: तीन एकर म्हणजे 1 हेक्टर 20 आर. 8,500 च्या दराने 10,200 बरोबर आहेत. 18,500 मधले 10,000 रब्बीच्या बियाणे-खतासाठीचे, ते वेगळे जमा होतात. तुमचे 12,000 त्यातले.

खरडून गेलेल्या जमिनीचा दर वेगळा, हेक्टरी 47,000. एका एकराचे 18,800 होतात. आईच्या सहीने तहसीलदारांकडे फेरपंचनाम्याचा अर्ज द्या. सातबारा, आठ-अ आणि तारीख-ठिकाण उमटलेले फोटो जोडा. पोहोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. फेरपंचनामा होईपर्यंत तिथे ट्रॅक्टर घालू नका. सपाट केलेल्या रानात काय वाहून गेलं हे कुणाला दाखवणार? मी नोकरीत असताना फोटोअभावी बरोबर माणसांचे अर्ज मागे गेलेले पाहिलेत, म्हणून एवढं बजावून सांगतोय.

माढ्याची लेक: दादा, माझ्या माहेरचंही असंच झालं. 18,800 मध्ये एक एकर रान भरून निघत नाही, हे स्पष्ट बोललं पाहिजे. हायवा डंपरने गाळ आणायचा तर निम्मे पैसे वाहतुकीतच जातात. सरकारने हेक्टरी 3 लाख आणखी सांगितलेत, पण ते रोख नाहीत, रोजगार हमीतून काम व्हायचंय. त्याची मागणी वेगळी लिहून द्या, नाहीतर सगळे 47,000 वरच थांबतात. बियाणं पुढच्या वर्षीही घेता येतं, माती पिढ्यांनी तयार होते. मदतीत तिला सगळ्यात वरचं स्थान पाहिजे होतं.

सीनाकाठ: काका, ताई, आभार. एक राहिलं. आईचा फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, आहे, पण बँकेत पैसे होल्डवर टाकलेत. पीककर्ज थकलंय म्हणतात.

निवृत्त तलाठी: मदतीची रक्कम कर्जात वळती करायची नाही, असं शासन बँकांना बजावत आलंय. शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, प्रत तहसीलला आणि जिल्हा अग्रणी बँकेला, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय पाहणाऱ्या बँकेला. तोंडी भांडू नका, कागद द्या. रब्बीचे 12,000 यायच्या आत होल्ड निघाला पाहिजे, नाहीतर तेही तिथेच अडकतील. आईंना सोबत न्या, खातं त्यांचं आहे.

सीनाकाठ: सोमवारी आईला घेऊन जातो. फोटो आजच काढतो, ऊन आहे तोवर.