शब्दचर्चा : ‘सॅकेड’ला मराठीत काय म्हणावं? आणि मग ‘लक्ष’चं काय?

गोदाकाठ :
मंडळी, अडलोय. आमच्या कॉलेज रोडच्या वाचनगटात येत्या रविवारी अर्धा तास बोलायचंय, तेही मराठीत. विषय टिरिन मूर यांचं संशोधन. हे स्टॅनफर्डचे मेंदूशास्त्रज्ञ. डोळा हलवणं आणि लक्ष देणं या दोन गोष्टींचा मेंदूत काय संबंध आहे, ते शोधतात. माझी गाडी पहिल्याच शब्दावर रुतली : सॅकेड. वाचताना आपला डोळा ओळीवरून सरकत जातोय असं वाटतं, पण तो सरकत नाही, उड्या मारतो. एक उडी, पाव सेकंदाच्या आसपास मुक्काम, परत उडी. या उडीला म्हणतात सॅकेड. मी ‘द्रुत नेत्रचलन’ असं लिहून ठेवलंय, पण ते वाचताना माझीच नजर खिडकीबाहेर जाते.

जुना_मास्तर :
शब्द फ्रेंच आहे. मूळ अर्थ घोड्याच्या लगामाला दिलेला हिसडा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एमिल जावाल या फ्रेंच नेत्रवैद्यांनी वाचनाचा अभ्यास केला, त्या कामाशी हा शब्द जोडला जातो. लहानपणी पंचवटीत टांग्यात पुढे बसलो की लगामाचा हिसडा हातभर अंतरावरून दिसायचा. तेव्हा सरळ ‘हिसडा’ म्हणा. शब्दाचं कूळही राहील.

चष्मेवाला :
मास्तर, कूळ राहील, पण अर्थ जाईल. हिसडा दुसरा कुणीतरी देतो आणि तो बसतो. डोळा स्वतः उडी घेतो. माझं मत ‘झेप’ला. मांजर झेपावलं की हवेत असताना त्याला दिशा बदलता येत नाही ना, तसंच इथे. डोळा एकदा सुटला की बहुतेक वेळा ठरलेल्या जागी पोचूनच थांबतो. मोठ्या झेपेचा वेग तर सेकंदाला ५०० अंशांच्याही पुढे जातो.

आणि झेपेत असताना आपल्याला जवळजवळ काही दिसत नाही. दुकानात गिऱ्हाइकांना हे करून दाखवतो. आरशासमोर उभे राहा, आधी स्वतःच्या डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या, परत डाव्या. डोळे हलताना दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र स्पष्ट दिसतील.

गोदाकाठ :
आत्ता करून आलो. खरंच दिसले नाहीत. बायको मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘दोन मिनिटं झाली, कुणाला शोधताय?’

‘झेप’ पक्की. दोन झेपांमध्ये डोळा जिथे थांबतो त्याला ‘टेकणं’ म्हणतो : नजर टेकते. ‘थांबा’ही सुचला होता, पण मग श्रोत्यांना सीबीएसचं बसस्थानकच आठवेल.

आता मोठा प्रश्न. लक्ष, अवधान की ध्यान?

द्राक्षवाली :
‘ध्यान’ नको हं दादा. ध्यान म्हणजे एक तर समाधी, नाहीतर ‘काय ध्यान आलंय बघ!’ मधलं. ‘ध्यान द्या’ हे हिंदीवरून आलंय. आपल्या नाशिकरोड स्टेशनवरही मराठीत ‘कृपया लक्ष द्या’ असंच पुकारतात.

जुना_मास्तर :
‘अवधान’ला नाही म्हणू नका. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची सुरुवातच ‘तरी अवधान’ अशी. आणि लग्नातलं ‘सावधान’ म्हणजे स-अवधान, लक्षपूर्वक. धोक्याची सूचना हा अर्थ नंतर चिकटला. त्यातही नाशिककरांनी हा शब्द सोडणं बरं नव्हे! बोहल्यावर ‘सावधान’ ऐकून रामदास पळाले अशी आख्यायिका आहे, आणि पळून आले ते आपल्याच टाकळीला. बारा वर्षं इथे तप केलं. एका शब्दाकडे इतकं अवधान दुसऱ्या कुणी दिलं असेल असं वाटत नाही.

द्राक्षवाली :
मास्तर, गोष्ट छान आहे, पण ‘माझं अवधान गेलं’ असं कोण बोलतं? ‘लक्ष’ची गंमत त्याच्या क्रियापदांत आहे. आमच्या पॅकहाऊसमधलं सांगते. बायका घड हातात धरून फिरवतात, दुसऱ्या हातात कात्री. तडकलेला मणी असला की त्याच्याकडे लक्ष जातं. तो डोळ्यात भरतो, शोधावा लागत नाही. पण आत दडलेला बारका हिरवट मणी काढायचा तर लक्ष द्यावं लागतं, घड दोनदा फिरवावा लागतो. पहिल्यात बाई काही करत नाही, मणीच करतो. दुसऱ्यात बाई करते. दुपारनंतर लक्ष जायचं राहत नाही, द्यायचं मात्र कमी होतं. मुकादमाला हा फरक पाठ आहे.

गोदाकाठ :
ताई, तुम्ही माझं अर्ध भाषण लिहून दिलंत! शास्त्रज्ञही नेमके हेच दोन प्रकार करतात. वस्तूने ओढून घेतलेलं लक्ष आणि आपण होऊन दिलेलं लक्ष. ते त्यासाठी दोन विशेषणं लावतात, आपलं ‘जाणं’ आणि ‘देणं’ यात भागतं. तेव्हा ‘लक्ष’च. आणि संस्कृतात ‘लक्ष’ म्हणजे नेम धरायची खूणही. म्हणजे लक्ष कुठेतरी असावं लागतं, नुसतं हवेत असत नाही.

मूर यांच्या प्रयोगात हेच कामी येतं. माकडाला एका ठिपक्यावर नजर टेकवून ठेवायला शिकवलेलं. मेंदूच्या पुढच्या भागात एक जागा आहे, तिथे पुरेशी वीज दिली की डोळा ठरावीक दिशेला झेपावतो. मूर आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वीज इतकी थोडी दिली की डोळा हललाच नाही. पण डोळा जिथे झेपावला असता, त्याच जागेवरच्या चित्राला पाहणाऱ्या मेंदूतल्या पेशी अधिक जोराने प्रतिसाद देऊ लागल्या. नजर ठिपक्यावरच, आणि तिकडच्या चित्राचं वजन वाढलेलं.

याला मराठीत म्हणायचं काय? ‘प्रच्छन्न अवधान’ लिहून खोडलं.

चष्मेवाला :
घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलापाशी. झालं.

जुना_मास्तर :
म्हण चोख आहे, पण तिच्यात माया आहे. माकडाला विजेने माया लावली असं होईल. चाळीस वर्षं वर्गात फळ्याकडे तोंड करून शेवटच्या बाकावर लक्ष ठेवलंय मी. ‘नजर एकीकडे, लक्ष दुसरीकडे’ एवढंच साधं म्हणा.

गोदाकाठ :
मास्तर, पटलं. तेच घेतो. वर्गाचं उदाहरणही घेतो, नाव सांगणार नाही.

चष्मेवाला :
एक राहिलं. संक्रांतीला येवल्यात पतंगामागे जाते ती नजर झेपावत नाही, संथ जाते. पतंग नसताना तशीच संथ रेघ डोळ्यांनी ओढून बघा. जमत नाही, झेपाच पडतात. या संथ चालीला काय म्हणणार?

द्राक्षवाली :
‘माग काढणं’?

जुना_मास्तर :
माग निघून गेलेल्याचा काढतात. पतंग तर समोर आहे.

द्राक्षवाली :
मग ‘पाठ धरणं’. नजरेने पतंगाची पाठ धरली.

चष्मेवाला :
चालेल. आणि पतंग कटला की नजर झेपावते मांज्याकडे.