ठाण्यात आधी चालायला जागा द्या, पार्किंगचं नंतर बघू

नौपाडेकर

स्टेशनपासून दीड किलोमीटरवर राहणारा माणूस संध्याकाळी शेअर रिक्षाच्या रांगेत वीस-पंचवीस मिनिटं उभा राहतो. तेवढ्या वेळात तो चालत घरी पोचला असता. आळशी आहे म्हणून तो रांगेत उभा नाही, त्याला चालायला जागाच नाही.

नौपाड्यातला कुठलाही फूटपाथ घ्या. पंधरा-वीस पावलांवर एखाद्या सोसायटीचं फाटक येतं, तिथे फूटपाथ संपतो, पायरी उतरायची आणि पलीकडे पुन्हा चढायची. मध्येच महावितरणची डीपी, तिच्याभोवती जाळी. पुढे चेंबरचं झाकण दोन बोटं वर आलेलं, बाजूचे पेव्हर ब्लॉक खचलेले. त्यानंतर ओळीने स्कूटर. गुडघेदुखी असलेली आजी हे चढउतार करेल कशाला? ती सरळ रस्त्यावर उतरते आणि उभ्या गाड्या व धावत्या रिक्षा यांच्यामधल्या हातभर पट्टीतून चालते. म्हणजे फूटपाथ कागदावर आहे, बजेटमध्ये आहे, पण आजी रस्त्यावर आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसचा आयआरसी १०३ हा निकष सांगतो की अडथळ्याविना चालायला किमान १.८ मीटर रुंदी हवी आणि फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे अशी सलग शंभर पावलं कुठे सापडली तर जरूर सांगा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. आणि हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. सरकारी अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती.

माझं म्हणणं एवढंच. वर्दळीच्या रस्त्यांवर एका बाजूचं पार्किंग काढा आणि ती पट्टी फूटपाथला द्या. फाटकापाशी फूटपाथ खाली उतरवू नका. तो सलग ठेवा, गाडीने उतारावरून चढून जावं. आणि घोडबंदर रोडला कडेचे सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिसळण्याचं जे काम काढलंय, त्यात चालणाऱ्यांची आणि सायकलींची पट्टी कुठे आहे ते नकाशावर दाखवा.

घोडबंदरकर

असहमत. तुम्ही नौपाड्यात राहता. शाळा, बाजार, दवाखाना, स्टेशन, सगळं तुमच्या पायाखाली. आम्ही कासारवडवलीहून दहा किलोमीटर येतो. टीएमटीच्या बसमध्ये शिरता येत नाही, मेट्रोच्या कामाने वर्षानुवर्षं रस्ता खाल्ला, गायमुखला खड्डे पडले की कोंडी थेट आमच्या दारापर्यंत. त्यात गुजरातकडे जाणारे ट्रेलर. अशा रस्त्यावर एक लेन वाढली तर मला संध्याकाळी मुलगी जागी असताना घरी पोचता येईल. सेवा रस्ता नुसता पार्किंगला वापरला जात होता, तो मुख्य रस्त्यात घेतला तर बिघडलं काय? आधी रस्ता मोकळा करा, फूटपाथचे चोचले नंतर.

लोकमान्यनगरची

चोचले म्हणू नका हो. आमच्याकडे बायका पहाटे उठून पोखरण रोडपर्यंत कामाला चालत जातात, परतताना एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोर. त्यांना पर्याय नाही म्हणून चालतात.

पण धागाकर्त्या नौपाडेकरांशीही माझं भांडण आहे. 'फूटपाथ मोकळा करा' म्हटलं की पालिकेची गाडी येते आणि पहिली उचलते ती भाजीवालीची टोपली. शेजारी उभ्या मोटारीला कोणी हात लावत नाही. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, नगर पथविक्रेता समिती नेमायची, सर्वेक्षण करायचं, बसायची जागा आखून द्यायची, हे सगळं कायद्यात लिहिलंय. ते न करता नुसती हकालपट्टी होणार असेल तर मला तुमचा फूटपाथ नको. संध्याकाळी ज्या रस्त्यावर भाजीवाल्या बसतात तिथेच मला एकटीने चालायला भीती वाटत नाही, हे पण लिहून ठेवा.

आणि सायकल ट्रॅक कोणासाठी? उपवन तलावावर रविवारी सकाळी येणाऱ्यांसाठी असेल तर आधी वस्तीतल्या रस्त्याला दिवे लावा.

नौपाडेकर

ताई, टोपलीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. अडथळा मोजायचाच असेल तर चौरस फुटांत मोजू. एक मोटार जेवढी जागा दिवसभर अडवते तेवढ्यात चार जणी बसून पोट भरतात. मी पार्किंग काढा म्हटलंय, पथविक्रेते नाही. आयआरसीच्या निकषातही फूटपाथचे पट्टे केलेले आहेत. दुकानालगतचा एक, मधला निव्वळ चालायचा, आणि रस्त्याकडचा झाडं, दिवे, बाकं यांच्यासाठी. बसणाऱ्यांना त्या कडेच्या पट्ट्यात आखून जागा देता येते.

सायकलीबद्दल मात्र थोडं वेगळं सांगतो. सकाळी पेपर टाकणारा, पाव घेऊन येणारा, रात्रपाळी संपवून वागळे इस्टेटमधून घरी निघालेला वॉचमन, हे आपले खरे सायकलवाले. त्यांच्याकडे ना हेल्मेट, ना मागे दिवा, आणि त्यांना कोणी विचारतही नाही. ट्रॅक त्यांच्यासाठी हवा.

घोडबंदरकर, लेन वाढली की कोंडी सुटते हे आपण किती वेळा ऐकलं? कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, एकेक करत उड्डाणपूल झाले. कोंडी पुढच्या नाक्यावर सरकली. आता सेवा रस्ता गेल्यावर सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडलं की समोर थेट भरधाव ट्रेलर. शाळेची बस कुठे थांबणार? पोरगं कुठे उभं राहणार? सेवा रस्ता पार्किंगने भरला होता हे खरं, मग तिथलं पार्किंग उचलायचं होतं, रस्ता कशाला उचलायचा?

घोडबंदरकर

पूल झाले नसते तर आज काय झालं असतं ते बघा ना! एवढे टॉवर उभे राहिले, त्यातली माणसं हवेतून जाणार का? मी बाईकवाला आहे, मोटारवाला नाही. देशात सर्वात जास्त मरतो तो दुचाकीवाला, हे तुमच्याच २०२२ च्या अहवालात आहे, जवळपास ४४ टक्के. आमच्या जिवाचं कोण बोलणार? मला डांबरावर खड्डा नको, ट्रेलरपासून वेगळी लेन हवी. तुम्ही सायकलीला पट्टी मागता, मग दुचाकीला का नाही?

बसस्टॉपचा मुद्दा मात्र बरोबर आहे. आमच्या सोसायटीनेही बसथांब्यासाठी आत वळलेली जागा मागितली आहे.

रस्त्यावरचा इंजिनिअर

मी या कामांत आयुष्य काढलंय, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं अडचणीचं बोलतो.

फाटकापाशी सलग फूटपाथ हे चित्रात छान दिसतं. ठाण्याच्या पावसात त्याचा बांध होतो. रस्त्यावरचं पाणी गटारात जायला ठरावीक अंतरावर जाळ्या लागतात. त्या नीट न बसवता फूटपाथ उचलला तर पहिल्याच मोठ्या सरीत पाणी तळमजल्यावरच्या दुकानात. फूटपाथखाली पाण्याची लाईन, वीज, फायबर, गॅस, सगळे एकमेकांना न विचारता खोदतात. आज बसवलेला पेव्हर ब्लॉक दिवाळीत कोणीतरी उखडणार. या सगळ्या सेवावाहिन्यांसाठी आधी डक्ट, म्हणजे एकच बंदिस्त मार्ग, टाकला नाही तर बाकी सगळा खर्च वाया.

आता धागाकर्त्यांच्या बाजूचं. चौकात लोक मरतात ते बरेचदा कोपऱ्यावर. आपण वळणाचा कोपरा मोठा गोल ठेवतो, म्हणून डावीकडे वळणारी गाडी ब्रेकच लावत नाही. कोपरा आवळला की वेग आपोआप पडतो आणि ओलांडायचं अंतरही कमी होतं. याला ना जमीन घ्यावी लागते ना पूल बांधावा लागतो.

आणि सिग्नल. ओलांडायचा रस्ता ३० मीटर धरा. हिशेबात माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं मानतात, म्हणजे २५ सेकंद लागतात. सत्तरीचे आजोबा ०.८ मीटरने चालतात, त्यांना ३७-३८ सेकंद हवेत. हिरवा माणूस १५ सेकंदांत लाल झाला तर आजोबा बरोबर मधोमध अडकतात, आणि मध्ये थांबायला कठडाबंद बेट नसतं. तीन हात नाक्यावर उभं राहून स्वतः बघा. पादचारी पूल हा यावरचा उपाय नाही. एवढ्या पायऱ्या चढायच्या त्या गाड्यांना थांबावं लागू नये म्हणून, आणि पायऱ्या ज्याला जमत नाहीत तो खालूनच पळणार.

घोडबंदरकर, दुचाकीची वेगळी लेन एवढ्या फाटकांच्या आणि नाक्यांच्या रस्त्यावर प्रत्येक वळणाला तुटते, आणि तुटते तिथेच टक्कर होते. तुम्हाला वाचवेल तो कमी झालेला वेग आणि सपाट डांबर.

वाशीकर

खाडीपलीकडून थोडं. सिडकोची स्थापना १९७० ची, नवी मुंबई नकाशावर आखून बांधलेली. रुंद रस्ते, नोडच्या, म्हणजे प्रत्येक उपनगराच्या, मध्ये स्टेशन, सेक्टरच्या आत बाजार. जागा नाही हे कारण आमच्याकडे चालत नाही. तरी फूटपाथवर गाड्या आहेतच, आणि पाम बीच रोडवर भरधाव गाड्यांनी जे जीव घेतले ते ठाणेकरांनाही माहीत आहे. सरळ, रुंद, मोकळा रस्ता दिला की गाड्या सुटतात. सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा घोडबंदर रुंद झाल्यावर रात्री अकरानंतर तिथे काय होईल याचा विचार आत्ताच करा.

राम मारुती रोडवाला

माझं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मला एक सांगा, लग्नाच्या साड्या घ्यायला चार माणसं मुलुंडहून, घोडबंदरहून येतात ती चालत येणार का? मॉलमध्ये खाली गाडी लावून वर एसीत खरेदी होते. माझ्या दारातलं पार्किंग काढलंत तर गिऱ्हाईक मॉलला जाईल, आणि तुम्ही रुंद फूटपाथवर बंद शटर बघत चालाल. पुण्यात सायकल ट्रॅक केले होते, त्यांवर आज काय उभं असतं ते एकदा जाऊन बघा.

नौपाडेकर

पुण्याचे ते ट्रॅक तुकड्यातुकड्यांत केले, दर चौकात तुटलेले, वर झाडं नि खांब. सायकलवाला त्यावर गेलाच नाही, मग गाड्या आल्या. पण त्याच पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथ रुंद केले, बसायला बाकं दिली, पार्किंगला आखून जागा दिली. तिथे संध्याकाळी माणसं थांबतात, बसतात, दुकानात डोकावतात.

तुमच्या दारातल्या गाड्या नक्की कोणाच्या, एवढं दिवसभर पाहा. बहुतेक ठिकाणी सकाळी दहाला लागलेली स्कूटर रात्री नऊला निघते, म्हणजे ती दुकानातल्याच कुणाची किंवा लोकलने गेलेल्या कुणाची. मुलुंडचं गिऱ्हाईक तेव्हाही दोन फेऱ्या मारून लांबच गाडी लावतं. गावदेवी मैदानाखाली पालिकेने वाहनतळ बांधलाय, तिथून तुमचं दुकान चालण्याच्या अंतरावर आहे, फक्त चालण्याजोगं नाही. रस्त्यावर तासाला पैसे लावा, दिवसभराची स्कूटर आपोआप जाईल.

आणि दिवाळी पहाटेला तुमच्या रस्त्यावर, तलावपाळीवर वाहनं बंद असतात, तेव्हा केवढी तरुण मुलं येतात! गाड्या नसल्या म्हणून रस्ता ओस पडला असं कधी झालंय?

राम मारुती रोडवाला

दिवाळी पहाटेला पोरं फोटो काढायला येतात, साडी घ्यायला नाही. माझं दुकान तेव्हा उघडलेलंही नसतं. तो दाखला मला नका देऊ.

दिवसभराच्या स्कूटरचं मात्र खरं आहे, माझ्या स्वतःच्या माणसांना मी तेच सांगत असतो. तासाच्या पैशाला माझी ना नाही, जर पावती देणारा माणूस पालिकेचा असेल तर. ठेका दिला की तो फूटपाथवरही गाड्या लावून पैसे घेतो, हे आम्ही भोगलंय.

लोकमान्यनगरची

हे लिहिलंत ते बरं केलंत. पैसे लावायचे तर ते त्याच रस्त्याच्या दिव्यांना आणि फूटपाथला लागले पाहिजेत, आणि आमच्या बाजूच्या रस्त्यांनाही. दर वेळी नौपाडा चकाचक होतो आणि आम्ही वाट बघतो. पहिला प्रयोग शाळेच्या रस्त्यावर करा, वस्तीतल्या शाळेच्या. सकाळी शाळा भरताना आणि दुपारी सुटताना तासभर तिथे वाहनं बंद. याला खोदकामही लागत नाही.

घोडबंदरकर

शाळेच्या रस्त्याला माझा पूर्ण पाठिंबा. मुख्य रस्त्याची लेन कमी करायला विरोध कायम. आणि इंजिनिअर साहेब, वेग कमी करा म्हणता, गतिरोधक टाकायचे तर निकषाप्रमाणे टाका, पांढरे पट्टे मारा. अंधारात न दिसणाऱ्या उंचवट्याने आमच्यासारखे किती पडतात.

नौपाडेकर

गतिरोधकाचं पटलं, निवेदनात घालतो. प्रभाग समितीकडे दोन रस्ते सुचवू, लोकमान्यनगरच्या शाळेचा आणि राम मारुती रोडचा एक तुकडा. दुसऱ्यावर एका बाजूचं पार्किंग महिनाभर काढून बघायचं, खोदकाम नाही, नुसत्या कुंड्या आणि रंगाचे पट्टे. दुकानदार साहेब, तुमचा माल कधी येतो? त्याची वेळ धरून आखणी करू.

राम मारुती रोडवाला

सकाळी अकराच्या आत. सणाचा महिना सोडून करा, नाहीतर आमच्यातला एकही जण सही करणार नाही. आणि टेम्पो उभा करायची जागा आधी रंगवा, मग कुंड्या ठेवा.