मदत हवी आहे : पूर ओसरल्यावर काय न्यावं?

२०१९ ला वेदगंगा-दूधगंगेच्या पुरानंतर आमच्या चर्चची तरुण मंडळी निपाणीजवळच्या गावांत गेली होती. टेंपोभर जुने कपडे नेले, ते शाळेच्या व्हरांड्यात तसेच भिजत पडले. एक आजी म्हणाल्या, "लेकरा, लुगडं नको, खराटा आणि फावडं दे." घरात गुडघाभर चिखल, गोठ्यात म्हशीला वैरणीची काडी नाही. ते अजून मनाला लागून आहे.

यंदा पाळकसाहेबांनी पावसाळ्याआधीच तयारीला लावलंय. खराटे, फावडी, सॅनिटरी पॅड घेतोय. सुकी वैरण चिक्कोडी भागात घाऊक कुठे मिळेल? विहिरीला १००० लिटरमागे २.५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर सांगतात, पण पुराच्या गढूळ पाण्याला तेवढी पुरते का? आरोग्य खात्यातलं कुणी असेल तर कृपया सांगा. आणि मदत कुणाचीही जात-धर्म न विचारता आहे, हे गावात आधी कुणाशी बोलावं?