अनुभव धागा : गिरणगावात खोली कोणाच्या नावावर होती?

परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी, नायगाव, शिवडी. इथे वाढलेले, इथून उठून गेलेले आणि अलीकडे इथे राहायला किंवा नोकरीला आलेले, सगळ्यांनी लिहावं म्हणून हा धागा काढतोय.

१८ जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणीला धरली ती फक्त आधीपासून मोकळी असलेली जमीन. शेड पाडून जी मोकळी होईल ती वाटणीबाहेर. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. आज गिरणगावात कोण आहे आणि विरार-कल्याणला कोण, याचं निम्मं उत्तर मला त्या दुरुस्तीत दिसतं. उरलेलं निम्मं घराघरातल्या ट्रंकेत आहे: भाडेपावती, कामगाराच्या नंबराचं गिरणीतलं तिकीट, पास.

चाळीतल्या दिवाळीवर आणि गणपतीवर पुष्कळ लिहून झालंय. इथे खोलीबद्दल लिहा. कोणाच्या नावावर होती, किती जण झोपायचे, सोडली तर हातात काय आलं. माझ्यापासून सुरुवात करतो.

आमचे आजोबा रत्नागिरीहून आले ते थेट गावाच्या खोलीत. खोली गावकरी मंडळाची. भिंतीला ओळीने खुंट्या, खुंटीखाली ज्याची त्याची ट्रंक, आणि झोपायला पाळीप्रमाणे जागा: रातपाळीचा आला की पहिल्या पाळीचा उठून गेलेला असायचा. बायकामुलं गावी. जेवण खाणावळीत. भाडेपावती मात्र गावातल्या एकाच माणसाच्या नावावर होती, कारण कोणाचं तरी नाव लावायलाच हवं होतं. चाळीचा पुनर्विकास झाला तेव्हा कायद्याच्या लेखी भाडेकरू तो एकच. त्याच्या मुलांनी ठरवलं असतं तर गावाची खोली तिथेच संपली असती. त्यांनी मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर लिहून दिलं की फ्लॅट गावाचा. आज गावातलं कोणी टाटा किंवा केईएमला उपचाराला आलं की त्याच फ्लॅटमध्ये उतरतं. असं सगळ्या गावांचं झालं नाही. शेजारच्या दोन गावांच्या खोल्या वारसांनी विकल्या, आणि त्या वादात माणसं अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

लालबाग, आता बदलापूर

दादांनी खाणावळीचा उल्लेख केला म्हणून लिहितेय. माझी आई खाणावळ चालवायची. आम्ही सातारकडचे. वडील साचाखात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार. काम मिळेल त्या दिवशी पगार. घर चालायचं ते आईच्या डब्यांवर. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा. भाकरीचा हिशेब तिच्या डोक्यात पक्का: कोणाला तीन, कोणाला चार, कोणाला वरून ठेचा. साखरेपासून तेलापर्यंत सगळं किराणावाल्याकडून उधार, आणि पगाराच्या दिवशी गडी पैसे देऊन गेले की ती उधारी फेडायची. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच बायकांसाठी, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. आईने त्यातूनच पहिलं कर्ज घेतलं.

संपात गडी गावाला गेले. जाताना प्रत्येकाने सांगितलं, "मावशी, संप मिटला की देतो." त्यांचा दोष नाही, त्यांच्याकडेच नव्हते. आईने मंगळसूत्र मोडून किराणावाल्याचे दिले.

आता मुद्द्याचं. गिरणी कामगारांना सोडतीत मिळणाऱ्या घरासाठी अर्ज भरायची वेळ आली तेव्हा वडिलांची नोंद निघेना, आणि आईची तर कुठल्याच यादीत असायचं कारण नव्हतं. पंधरा-वीस कामगारांना वर्षानुवर्षं जेवू घालणारी बाई गिरणी कामगार धरली जात नाही. मला हे आजही पटत नाही आणि हे कोणी तरी नीट मांडायला हवं.

वरळी, बीडीडी चाळ

पुनर्विकासात १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत आलो. १४ ऑगस्ट २०२५ ला ज्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, त्यात आमचं एक. लोक विचारतात, चाळीची आठवण येते का? आईचे दोन्ही गुडघे गेलेत. रात्री संडासला जायचं तर मला उठवायचं, मी बॅटरी घेऊन पुढे, ती भिंतीला धरून मागे. संध्याकाळनंतर ती पाणीच प्यायची नाही. आता पिते. गॅलरी गेली, शेजार विखुरला, सगळं खरं. पण माझ्या लेखी यापेक्षा मोठी गोष्ट नाही.

लालबाग, मसाला गल्ली

मी डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, काम करतो. मार्च ते मे श्वास घ्यायला फुरसत नसते. माझं निरीक्षण असं की गिरणगाव कुठे गेलं ते आमच्या रांगेत कळतं. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी निवडून घ्यायची, शेजारी भाजून घ्यायची आणि डंकाखाली डोळ्यांसमोर कुटून घ्यायची, या सगळ्यासाठी बायका नालासोपारा, दिवा, डोंबिवली, पनवेलहून येतात. पिशवीवर नाव आणि गाव लिहायला सांगतो तर आधी जुन्या चाळीचं नाव सांगतात, मग स्टेशनचं. पूर्वी पाच-सहा किलो नेणारं घर आता दोन किलो नेतं, कारण एका घराची तीन झाली. घरं लांब गेली म्हणून सासू-सुना इथेच भेटायचं ठरवतात. समोरच्या टॉवरमधले फारसे येत नाहीत, आले तर पाव किलो नेतात. तेही गिऱ्हाईकच, त्यांनाही तितक्याच निगुतीने देतो.

लोअर परळ, मूळ लातूर

मी नवा. काचेच्या इमारतीत रात्रीची शिफ्ट. चाळीतल्या एका खोलीत आम्ही चौघं राहतो, दोघं दिवसाचे, दोघं रात्रीचे. पहिला अनुभव वाचून चमकलो, गाद्यांची वाटणी आमचीही तशीच आहे. फरक इतकाच की आमच्यामागे गावाचं मंडळ नाही. भाड्याचा करार मालक नोंदवू देत नाहीत. उद्या चाळ पाडली तर आम्ही इथे राहत होतो हे दाखवायला काहीच नाही. आणि स्टेशन. गिरण्यांच्या काळातले जिने, त्यावर आता आमच्यासारख्यांची गर्दी. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. एवढे टॉवर मंजूर करताना माणसं उतरणार कुठून हे आधी बघायला नको होतं का?

शिवडी

सासरे गिरणीत त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईत, होते, २०१४ मध्ये वारले. अर्ज भरलाय, कागद अपुरे म्हणतात. तिकीट सापडत नाही. सरकार मुंबईबाहेर देऊ करतंय त्या शेलू-वांगणीच्या घरांना हो म्हणावं की मुंबईतल्या घरासाठी थांबावं?

धागाकर्ता

ताई, तिकीटच हवं असं नाही. ईएसआयचा (कामगार विम्याचा) क्रमांक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक किंवा हिशेब मिळाल्याचा आदेश, ग्रॅच्युइटीचा आदेश, लाल पास, हजेरीपत्र, पगारपावती, यातलं काय आहे ते बघा. ट्रंक, देवघरामागची फाईल, गावच्या घरातला डबा, सगळं शोधा. सासरे १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर होते हे त्यातून दिसलं पाहिजे. त्यांच्या खात्यातले सोबती हयात असतील तर त्यांनाही भेटा, तिकीट नंबर अनेकांना पाठ असतात.

शेलू-वांगणीचं म्हणाल तर निर्णय तुमच्या घराचा. माझं मत विचाराल तर मुंबईचा हक्क सोडल्याचं कुठल्याही कागदावर घाईने लिहून देऊ नका. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात. २०१२ च्या सोडतीत घरं होती ६,९२५ आणि २०२० मध्ये ३,८९४. म्हणूनच ९ जुलै २०२५ ला म्हातारी माणसं आझाद मैदानात पावसापाण्याची बसली होती. सध्या कामगार संघटनेच्या बैठकीला जाऊन या, सोबत कागदांच्या झेरॉक्स न्या, मूळ प्रत कोणाच्याही हातात देऊ नका.

बाकीच्यांनी लिहा. नायगावहून अजून कोणीच आलेलं नाही.